विहिरीतले दोन दगड आणि बदलणारा शिलारस

उन्हाळ्यात अंबाजोगाईजवळ आमच्या आबांनी शेतात विहीर खोदायला घेतली. मुरूम संपला, मांजऱ्या म्हणजे छिद्रांचा दगड लागला, मग सुरुंगाला दाद न देणारा काळा पाषाण. आबांनी दोन्हींचे तुकडे माझ्या हातात दिले. "वरचा असा छिद्रांचा, खालचा असा घट्ट. दोन वेगळे लाव्हे का रे?"

प्रश्न रास्त, पण उत्तर उलटं आहे. हे दोन्ही बहुधा एकाच प्रवाहाचे. वायू वर जाताना वरचा भाग फसफसला, म्हणून छिद्रं. पुढे पाण्याने त्यात पांढरी खनिजं भरली. आतला भाग सावकाश निवला आणि घट्ट झाला. रसायन जवळपास तेच. याउलट दिसायला सारखेच काळे दोन दगड रसायनाने वेगळे असू शकतात, तेही एकाच उद्रेकातले!

कसे? साखर कारखान्यात पाक आटला की साखरेचे रवे धरतात. रवे वेगळे काढले की खाली राहते मळी, गडद आणि चिकट. पाक एकच होता, पण रव्यांनी साखर नेली आणि उरलेल्याची घडण बदलली. जमिनीखाली साठलेला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, निवताना हेच होतं. बेसाल्टी रसात साधारणपणे सर्वांत आधी ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज धरतं. ते रसापेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतं.

आता थोडा हिशेब करू. १०० किलो रस घ्या. त्यात सिलिका ५० किलो, मॅग्नेशियम ऑक्साइड ८ किलो. त्यातून १० किलो ऑलिव्हिन खाली बसलं. ऑलिव्हिनमध्ये सिलिका साधारण ४० टक्के, म्हणजे गेली ४ किलो. मॅग्नेशियम ऑक्साइड ४५ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गेलं साडेचार किलो. उरलेल्या ९० किलोत सिलिका ४६ किलो, म्हणजे ५१ टक्के. ती जेमतेम टक्काभर वाढली. मॅग्नेशियम मात्र ८ टक्क्यांवरून ४ च्या खाली आलं! मला हा हिशेब फार आवडतो, कारण मॅग्नेशियम मोजलं की रस जमिनीखाली किती मुरला होता ते कळतं. पुढे पायरॉक्सिन आणि प्लॅजिओक्लेज ही खनिजं धरतात, सिलिका वाढत जाते आणि रस चिकट होतो. भूशास्त्रज्ञ नॉर्मन बोवेन यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला भट्टीत खनिजांची मिश्रणं वितळवून हा क्रम दाखवला.

हवाईतल्या किलाउएआ ज्वालामुखीचा ३ मे २०१८ ला सुरू झालेला उद्रेक हे याचं ठळक उदाहरण. जमिनीला भेगा पडल्या आणि आधी बाहेर आला तो जुना, निवत पडलेला, चिकट रस. त्याच भागात १९५५ साली उद्रेक झाला होता, तेव्हापासून तो खाली मुरत असावा. एका भेगेतून तर अँडेसाइट, म्हणजे बेसाल्टपेक्षा जास्त सिलिकेचा लाव्हा, निघाला, जो किलाउएआत पूर्वी नोंदलाच नव्हता. मागून ढकलत आलेला ताजा, जास्त तप्त, मॅग्नेशियमयुक्त रस पुढे नदीसारखा वाहत समुद्राला मिळाला. हिलोच्या विद्यापीठात नमुने लगेच तपासले जात होते, त्यामुळे पातळ लाव्हा येतोय हे रसायनातूनही दिसत होतं.

हिंगोली-नांदेडकडे जमीन गुरगुरली की "खाली लाव्हा उकळतोय" असे मेसेज फिरतात. ते पुढे पाठवू नका. आपल्याकडचे दख्खनचे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे. आज मराठवाड्याखाली उफाळायला टपलेला शिलारस नाही.

आबांचा काळा तुकडा मी उन्हात तिरका धरला. त्यात तांदळाच्या कण्यांएवढे पांढरे काप चमकले. ते प्लॅजिओक्लेज, लाव्हा बाहेर पडण्याआधीच धरलेलं. अशा स्फटिकाचा गाभा सहसा कॅल्शियमने भरलेला असतो आणि कडेला सोडियम वाढत जातो. भोवतालचा रस बदलला तसा एकेक थर चढलेला. आबा म्हणाले, "म्हणजे झाडाच्या वाढीच्या कड्यांसारखं."

तसंच.