छायाचित्र-रचना (मुंबईच्या संदर्भात)

कॅमेऱ्याच्या चौकटीत काय घ्यायचे, काय वगळायचे आणि घेतलेले कोठे ठेवायचे हे ठरविण्याची रीत. बोलण्यात 'कंपोझिशन' किंवा नुसते 'फ्रेम लावणे'. रेषा, सममिती, रिकामी जागा ही तिची परिचित साधने. सर्वाधिक वापर तृतीयांश नियमाचा : दोन उभ्या व दोन आडव्या रेषांनी चौकटीचे तीन-तीन समान भाग पाडायचे आणि रचना त्या रेषांवर बेतायची.

या नियमाच्या उगमाविषयी एकमत नाही. तो सुवर्णछेदाचे (रेषेचे असे दोन भाग की लहानाचे मोठ्याशी जे प्रमाण, तेच मोठ्याचे संपूर्ण रेषेशी) सोपे रूप आहे, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. ते प्रमाण (सुमारे १ : १.६१८) यूक्लिडच्या काळी, इ. स. पू. ३०० च्या सुमारास, ज्ञात होते. 'सुवर्ण' हे विशेषण मात्र १८३५ मध्ये मार्टिन ओम या जर्मन गणितज्ञाच्या ग्रंथात येते, बोलीत त्याआधीही रुळले असावे. उलट 'तृतीयांश नियम' ही संज्ञा लंडनचे उत्कीर्णक जॉन टॉमस स्मिथ यांनी १७९७ मध्येच वापरली. तिला आधार होता इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्झ यांनी केलेल्या, चित्रातील उजेड-अंधाराविषयीच्या विवेचनाचा, गणिताचा नव्हे. म्हणून स्वतंत्र उगमाचे मत अधिक ग्राह्य वाटते. मोजमापही तेच सांगते : ३६ मिमी. रुंद चौकटीत तृतीयांश रेषा १२ मिमी.वर, तर सुवर्णछेद सुमारे १३.७५ मिमी.वर पडतो, ३० सेंमी. रुंद छापील प्रतीत हा फरक जवळजवळ दीड सेंमी. होतो आणि डोळ्याला जाणवतो. स्मिथ यांचा भर जमीन-आकाश, उजेड-छाया यांनी व्यापलेल्या जागेच्या वाटणीवर आहे. चार छेदनबिंदूंवर विषय ठेवण्याचा पाठ नंतरचा दिसतो.

मुंबईच्या किनाऱ्यावर हा जुना अर्थच खरा कामाला येतो. मरीन ड्राइव्हवर जुलैत ढग भरून आले की क्षितिज खालच्या तृतीयांशावर ठेवून दोन भाग आभाळाला द्यावेत; ओहोटीला टेट्रापॉड (लाटा अडविणारे काँक्रीटचे चौपायी ठोकळे) उघडे पडले की वाटणी उलटी करावी. क्षितिज किंचित कलले, तरी समुद्र एका बाजूने सांडल्यासारखा दिसतो. मलबार हिलवरील कमला नेहरू उद्यानातून रस्त्याचे वळण चौपाटीपासून नरिमन पॉइंटपर्यंत नजर ओढून नेते.

शहरात छायाचित्रकारांची संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. विल्यम जॉन्सन यांनी १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन खंडांत माणसे वेगळी टिपून मागे मुंबईतील दृश्ये जोडलेली आहेत. इथे रचना कॅमेऱ्यात नव्हे, छपाईच्या खोलीत घडली.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (१८८८) समोरून घेताना कॅमेरा वर कलला की मनोरे आत झुकतात. मागे सरकणे हाच साधा उपाय.

गिरगावच्या चाळीत चौकटीतली चौकट तयारच असते : लाकडी खांब, कठडा, पलीकडच्या गॅलरीत वाळणाऱ्या साड्या. गॅलरी म्हणजे घरच, तेव्हा विचारूनच कॅमेरा उचलावा. कॅमेऱ्याची प्रकाशमोजणी उजेडावर ठेवली तर खांब काळे पडून चौकट ठसते. सावलीवर ठेवली तर मधले अंगण पांढरेफटक होते.