‘दूध पुरत नाही’ हे कशावरून ठरतं?

बाळ महिना-दीड महिन्याचं झालं, संध्याकाळी रडून घर डोक्यावर घेऊ लागलं की घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘हिचं दूध पुरत नाही वाटतं.’ दुसऱ्या दिवशी पावडरचा डबा येतो किंवा गाईच्या दुधात पाणी घालून बाटली भरली जाते. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबही नको, हे त्या आईने दवाखान्यात ऐकलेलं असतं आणि तिला ते पटलेलंही असतं. तरी ती फक्त अंगावरचं दूध देणं थांबवते. अनेक विकसनशील देशांतल्या पाहण्यांत आया याचं जे कारण वारंवार सांगतात, ते हेच: दूध कमी पडतं.

बहुतेक वेळा ते कमी नसतं. जगभरातल्या बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. अंगावर पिणारं बाळ रडतं तसं बाटलीवरचंही रडतं. नेमकं याच सुमारास आईचं शरीर बाळाच्या गरजेशी जुळवून घेतं, सुरुवातीचा जडपणा जातो आणि छाती मऊ लागते. दूध तेवढंच तयार होत असतं, पण आईला वाटतं आटलं. त्यात बाळ तासातासाला प्यायला मागतं. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की कुणाचीही खात्री पटेल.

वरचं दूध सुरू झालं की मात्र ही शंका खरी होऊ लागते. बाळ ओढतं तेव्हा आईच्या मेंदूतून दोन संप्रेरकं सुटतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध तयार होतं, ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. छातीत दूध साचून राहिलं तर नवं दूध तयार होण्याचा वेग मंदावतो. बाटलीने पोट भरलेलं बाळ कमी ओढतं, दूध साचतं, उत्पादन घटतं. मग बाटली आणखी वाढते. दोन-तीन आठवड्यांत घरातले म्हणतात, ‘बघ, आम्ही सांगत होतो.’

दूध पुरतंय का, हे रडण्यावरून कळत नाही. पहिला आठवडा सरल्यावर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा फिकट रंगाची लघवी करत असेल आणि त्याचं वजन वाढत असेल, तर दूध पुरतंय. काही आयांना खरोखरच कमी दूध येतं. बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, थायरॉईडचे विकार, छातीवरची जुनी शस्त्रक्रिया अशी त्याची कारणं असतात. त्यांना दोष न देता वेळेवर डॉक्टरांकडे न्यायला हवं. अशक्त, हडकुळ्या बाईला दूध येणारच नाही, हा समज मात्र चुकीचा आहे. तिलाही पुरेसं दूध येतं, पण ते तिच्या शरीरातल्या साठ्यातून जातं. म्हणून आहाराची जास्त गरज तिला असते, बाळाला बाटलीची नव्हे.

उन्हाळ्यात पाणी पाजण्याचंही तसंच. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं. वरून दिलेल्या पाण्याने पोट भरतं, पोषण मिळत नाही आणि जंतूंना वाट मिळते. बोटाने चाटवलेला मध तर वर्षाच्या आत धोक्याचाच आहे.

समजुतींना बोल लावणं सोपं आहे, पण बीडहून कोयता घेऊन निघालेल्या ऊसतोड बाईला सगळं शास्त्र ठाऊक असलं तरी फडात दर दोन तासांनी बाळाला घ्यायला कोण सोडणार? २०१७च्या कायदेदुरुस्तीने २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली, ती दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांतल्या नोकरदार बायकांना. शेतमजूर, घरकामगार, वीटभट्टीवरची बाई त्यातून जवळपास बाहेरच राहते. तिला ‘जागरूक’ करण्याची भाषा मला अन्यायाची वाटते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सहा महिन्यांखालच्या ६३.७ टक्के बाळांना फक्त आईचं दूध मिळत असल्याचं दिसलं. आधीच्या फेरीत हे प्रमाण ५४.९ टक्के होतं. सुधारणा खरी आहे. पण हा आकडा आदल्या दिवसाच्या आहारावरून काढतात आणि त्यात आठ दिवसांचं बाळही मोजलं जातं. सहा महिने पूर्ण करणारी बाळं त्याहून कमी असतात.

गळती कुठे होते, हे पाहिलं की एक पोकळी दिसते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिच्या धर्तीवर आज देशभरात आशा ताई घरी येतात. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी. त्यानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. म्हणजे रडणं अजून ओसरलेलं नसताना, घरचे बाटलीचा आग्रह धरत असताना ताईंच्या भेटी थांबतात. पण या मधल्या काळात, १०व्या आठवड्यात, बाळ लसीकरणाला येतंच. तिथे वजन करतानाच लघवी किती वेळा होते हे विचारावं, बाळ छातीला नीट धरतं का हे पाहावं आणि सोबत आलेल्या आजीलाही समजावून सांगावं. त्यासाठी नवी योजना लागत नाही, आईमागे दहा मिनिटं लागतात.