ऐझॉल: खाली ढकललेली टीम चॅम्पियन कशी झाली

ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2012 मध्ये सावियो मदेरा बाजूला झाल्यापासून त्या खुर्चीवर परदेशी माणूसच बसत आला होता, त्यामुळे बातमी मोठीच होती. मिरजेत फुटबॉल खेळून पन्नाशीला आलेल्या मंडळींना जमील कोण हे समजावून सांगावं लागत नाही. ‘तो ऐझॉलवाला’ म्हटलं की झालं. संध्याकाळी ग्राऊंडवर येणाऱ्या पोरांना मात्र मेस्सीच्या बुटाचा नंबरही पाठ असतो आणि ऐझॉल हे गाव की क्लब, इथपासून सुरुवात करावी लागते. दोष त्यांचा नाही. 2017 साली ती दुसरी-तिसरीत होती.

ऐझॉल ही मिझोरामची राजधानी. 2011 च्या जनगणनेत या शहरात 3 लाखही माणसं नव्हती. त्याच जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेनं 5 लाखांचा आकडा ओलांडला होता. अख्खं मिझोराम 11 लाखांच्या आसपास, आपला एकटा सांगली जिल्हा 28 लाखांचा. शहर डोंगराच्या धारेवर वसलेलं, मैदानापुरती सपाट जागा सापडणं हेच मोठं काम. या गावच्या क्लबनं 2016-17 च्या हंगामात मोहन बागान, ईस्ट बंगाल, बेंगळुरू एफसी अशा मातब्बरांना मागं टाकून आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची राष्ट्रीय फुटबॉल लीग, जिंकली. ईशान्य भारतातल्या कुठल्याही क्लबनं तोवर राष्ट्रीय लीग जिंकली नव्हती.

तेव्हाच्या बातम्यांत ‘चमत्कार’ हा शब्द फार वापरला गेला. मला तो पटत नाही. चमत्कार म्हटलं की मागचा हिशेब मांडायची गरज उरत नाही, आणि इथं हिशेब मांडण्यासारखा आहे.

मिझो पोरं फुटबॉल खेळत होती ती पिढ्यान्‌पिढ्या. शायलो मालसॉमत्लुआंगा, ज्याला सगळा देश ‘मामा’ म्हणून ओळखतो, तो कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळून नावारूपाला आला. 2003 मध्ये त्या क्लबनं जकार्त्यात आसियान कप जिंकला, त्या संघात तो होता. पण गुणी पोरगा निपजला की त्यानं गाव सोडायचं, असाच शिरस्ता होता. तो बदलला 2012 मध्ये. त्या वर्षी मिझोराम प्रीमियर लीग सुरू झाली. राज्य संघटनेचे सचिव लालनघिंगलोवा हमार यांनी पाठपुरावा केला आणि झोनेट या स्थानिक केबल वाहिनीनं पैसे घातले. मॅच घरोघरी टीव्हीवर दिसू लागली. गल्लीतला पोरगा पडद्यावर दिसतोय म्हटल्यावर आई-बापांचा सूर बदलतो, स्थानिक दुकानदार जर्सीवर नाव घालायला तयार होतो, खेळाडूला महिन्याला काहीतरी हातात मिळायला लागतं. दोनच वर्षांत, मार्च 2014 मध्ये, मिझोरामनं सिलिगुडीत रेल्वेला 3-0 नं हरवून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकली. मिझोरामचा हा पहिलाच मान होता. ऐझॉल एफसीचं विजेतेपद तिथून मोजायला हवं.

वेडाबद्दल म्हणाल तर आपला भाग कुठं कमी आहे? कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारची मॅच असली की पेठा ओस पडतात. तालमींच्या टीमा नायजेरियन खेळाडूसुद्धा आणतात. मिरजेतली पोरं त्याच वाऱ्यावर वाढतात. पण तालमीच्या टीमकडून देशाच्या लीगकडं जाणारा जिनाच नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तो पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला म्हणून. म्हणजे इथं अजून ‘मामा’चाच जमाना चालू आहे: चांगला आहेस ना, मग गाव सोड.

ऐझॉल एफसी हा 1984 साली स्थापन झालेला क्लब. रॉबर्ट रोमाविया रॉयते या व्यावसायिकानं त्याची सूत्रं घेतली, क्लब दुसऱ्या डिव्हिजनमधून वर आला आणि 2015-16 मध्ये आय-लीगमध्ये दाखल झाला. मिझोरामचा पहिलाच क्लब. पहिल्या हंगामात नऊ संघांत आठवा आला. नववा, म्हणजे शेवटचा, होता पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. आता कुणीही म्हणेल, शेवटचा खाली जाणार. पण शिवाजीयन्स पैसे भरून थेट लीगमध्ये आलेला संघ. नियमानं त्याला खाली ढकलता येत नव्हतं. म्हणून खाली गेला ऐझॉल. मैदानावर खेळून वर आलेल्या टीमनं जायचं आणि थेट प्रवेश मिळालेल्यानं राहायचं! आपल्या पुण्याच्या क्लबच्या जागेची किंमत त्यांनी भरली, हे आपल्याकडं फारसं कुणाला माहीत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात हाच ‘खाली गेलेला’ संघ फेडरेशन कप या देशातल्या क्लबांच्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या फायनलला पोचला. वाटेत लीगच्या विजेत्या बेंगळुरूला त्यांनी घरी पाठवलं. गुवाहाटीच्या फायनलमध्ये मात्र मोहन बागाननं 5-0 असा धुव्वा उडवला. टीममध्ये दम आहे आणि अनुभव नाही, हे दोन्ही एकाच स्पर्धेत दिसलं.

पुढचं दार उघडलं ते दुसऱ्यांच्या भांडणामुळं. 2014 पासून आयएसएल (इंडियन सुपर लीग) ही वेगळी लीग सुरू झाली होती आणि भारतीय फुटबॉल महासंघाच्या नव्या आराखड्यात तीच अव्वल लीग होणार, आय-लीग दुय्यम ठरणार, आणि खालून वर जायची सोयही नसणार, असं दिसू लागलं. गोव्याचे साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब चिडून बाहेर पडले. दुसरी डिव्हिजन जिंकून वर येण्याचा हक्क मिळवलेल्या डेम्पोनंही पाठ फिरवली. लीग चालवायला संघ कमी पडू लागले, तेव्हा ऐझॉलला परत बोलावणं आलं. नशीब म्हणायचं तर एवढंच. गोवेकरांनी तत्त्वासाठी सोडलेली खुर्ची मिझोंना मिळाली.

आता खालिद जमील. जन्म कुवेतचा, कारकीर्द मुंबईची. महिंद्रा युनायटेडकडून खेळले, मुंबई एफसीकडून खेळता खेळता 2009 मध्ये तिथंच प्रशिक्षक झाले आणि सात हंगाम राहिले. तुटपुंज्या पैशात टीम दरवर्षी तगवायची, हे त्यांचं काम. त्यांची टीम बघायला कंटाळवाणी, असं लोक म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बचाव घट्ट, गोल कमी. 2016 मध्ये मुंबई एफसीनं त्यांना नारळ दिला. हंगाम तोंडावर आला असताना ते ऐझॉलला गेले. मुंबई एफसीत त्यांच्या हाताखाली तयार झालेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्यांना येऊन मिळाले. राणे हा आपला मुंबईचा मराठी पोरगा. विंगवर अंगावर धावून जाणारा. गोलमध्ये गोव्याचा अल्बिनो गोम्स. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल-अम्ना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जार्यान, पुढं आयव्हरी कोस्टचा कामो बायी. बाकी सगळी त्याच राज्य लीगमध्ये तासून निघालेली मिझो पोरं. सगळा खर्च 2 कोटींच्या आसपास असल्याचं तेव्हा छापून आलं होतं. कोलकात्याच्या मोठ्या क्लबांपुढं ती चिल्लरच.

जमील यांचा बचाव आणि मिझो पोरांची धाव, असा हा संसार जमला. जानेवारी 2017 मध्ये पहिलीच मॅच ईस्ट बंगालविरुद्ध त्यांच्या अंगणात, ती 1-1. तेव्हा कुणी दखल घेतली नाही. घरच्या मॅच मुआलपुईच्या राजीव गांधी स्टेडियमवर, कृत्रिम गवतावर. त्या उंचीवर, त्या गवतावर खेळून आलेले पाहुणे दुसऱ्या हाफमध्ये दमायचे आणि ऐझॉलची पोरं तेव्हा पळायला लागायची.

हंगामाची खरी मॅच 22 एप्रिलची. मोहन बागान ऐझॉलमध्ये, दोघांचे गुण बरोबरीत, शेवटच्या दोन फेऱ्या बाकी. स्टेडियम गच्च. मॅच 0-0 वर सरकत होती. 83 व्या मिनिटाला झोहमिंगलियाना राल्टेनं हेडर मारला आणि बॉल जाळ्यात. 1-0. राल्टे बचावपटू. स्ट्रायकरांना जे दीड तास जमलं नाही ते मागच्या पोरानं केलं.

शेवटची मॅच 30 एप्रिलला शिलाँगमध्ये, तिथल्याच लाजाँग क्लबविरुद्ध. बरोबरी पुरेशी होती. ऐझॉलहून समर्थक घाटरस्त्यानं शिलाँगला येऊन थडकले. नवव्या मिनिटाला लाजाँगच्या दिपांडा डिकानं गोल केला. त्या वर्षी सगळ्यात जास्त गोल त्याचेच. तिकडं कोलकात्यात बागान चेन्नई सिटीला हरवायच्या वाटेवर, म्हणजे ही मॅच गेली तर कप गेला. हाफटाइमलाही ऐझॉल मागंच. 67 व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलानं बरोबरी साधली. उरलेला वेळ जमील यांच्या मुंबईच्या दिवसांतल्यासारखा गेला: माणसं बॉलच्या मागं, बॉल मैदानाबाहेर, घड्याळावर नजर. सात वर्षं ज्या खेळाला लोकांनी नावं ठेवली, त्यानंच कप आणून दिला. 18 सामन्यांत 37 गुण, बागानचे 36. आणि जमील यांना नारळ देणारी मुंबई एफसी? तक्त्यात सगळ्यात खाली. तो क्लब त्यानंतर उभा राहिलाच नाही. पुण्याचे शिवाजीयन्सही त्याच वर्षी बंद पडले.

चॅम्पियन झाल्यावर काय मिळालं, ते ऐका. आयएसएल वेगळी, तिचं दार बंद. देशाचा विजेता संघ दुय्यम लीगमध्ये राहणार म्हटल्यावर रॉयते यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला. नवे दोन संघ त्याच वर्षी आयएसएलमध्ये आले: बेंगळुरू आणि टाटांचं जमशेदपूर. ऐझॉल नाही. जमील आणि अल-अम्ना ईस्ट बंगालला गेले, राणे आणि मेहताही कोलकात्याची वाट धरून एटीके या आयएसएलच्या संघाला. जिंकलेली टीम उन्हाळ्यातच विखुरली. जानेवारी 2018 मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत इराणच्या झोब आहनकडून 3-1 अशी हार झाली. तरी तिथवर गेले, एक गोल मारून आले.

आय-लीग जिंकणाऱ्याला आयएसएलमध्ये बढती मिळायची सोय झाली ती 2022-23 च्या हंगामात, आणि पहिला मान मिळाला पंजाबच्या क्लबला. ऐझॉलच्या विजेतेपदाला तोवर सहा वर्षं झाली होती. रॉयते मधल्या काळात निवडणूक जिंकून मिझोरामचे क्रीडामंत्री झाले होते. जमील नॉर्थईस्ट युनायटेड, जमशेदपूर असं करत आयएसएलमधल्या मोजक्या भारतीय प्रशिक्षकांत गणले जाऊ लागले. भारताच्या संघाबरोबर त्यांची पहिली मॅच 29 ऑगस्ट 2025 ला ताजिकिस्तानविरुद्ध, ताजिकिस्तानातच. भारत 2-1 नं जिंकला.