चेहऱ्यामागचा डोंगर: मिक्स्ड मीडिया लँडस्केप आणि जेंडर पोर्ट्रेटची पार्श्वभूमी

हल्ली मिक्स्ड मीडियात (रंगांसोबत कापड, फोटो असं काहीही वापरून केलेल्या कामात) लँडस्केप आणि ट्रान्स माणसांची पोर्ट्रेट्स एकाच कॅनव्हासवर आणणारं बरंच काम बघायला मिळतं, मागे डोंगर किंवा खाडी किंवा गावाबाहेरचा माळ, त्यावर चिकटवलेलं साडीचं कापड, फोटोंचे तुकडे, आणि पुढे आपल्याकडे सरळ बघणारा चेहरा. बघणारे चेहऱ्यापाशी थांबतात आणि मागचं सगळं सजावट म्हणून सोडून देतात. मला तो मागचा भागच जास्त महत्त्वाचा वाटतो.

घारापुरीच्या अर्धनारीश्वरापासून सुरुवात करायची पद्धत आहे पण तो देव आहे, त्याला समाजात राहायचं नव्हतं, त्यामुळे मी तिथे रेंगाळत नाही. आपल्याकडचा खरा धागा संगीत नाटकातला. १८८० ला पुण्यात शाकुंतल उभं राहिलं तेव्हापासून पुढची पन्नासेक वर्षं बायकांच्या भूमिका मुख्यतः पुरुषच करत होते आणि त्यांच्या मागे रंगवलेले पडदे असायचे, जंगलाचा पडदा, महालाचा पडदा, रस्त्याचा पडदा. कोल्हापूरच्या दोघा चुलतभावांचे पडदे तर इतके गाजले की लोक त्यांची नावं आजही घेतात, त्यातल्या एकाने पुढे सिनेमे काढले. स्त्रीपार्टी नटांची नऊवारी, गजरा, दागिने घरंदाज बायका बघून बघून उचलायच्या. फोटो स्टुडिओतही मागे तसलाच रंगवलेला पडदा. म्हणजे साडीतला पुरुष आणि त्याच्यामागचं लँडस्केप ही जोडी मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वीच डोळे भरून बघितलीय. त्या नटांना आज सरसकट ट्रान्स म्हणणं मात्र चूक आहे, ते भूमिका करत होते, आणि त्यांच्या मनात काय होतं ते आपण परस्पर ठरवू नये.

पण त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं तेही बघा. इंग्रजांच्या १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स अ‍ॅक्टचा (गुन्हेगार जमाती कायद्याचा) दुसरा भाग हिजड्यांसाठी होता, उत्तरेकडच्या प्रांतांत त्यांची रजिस्टरं ठेवली गेली, आणि रजिस्टरमध्ये नाव असलेली व्यक्ती बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसली किंवा लोकांसमोर नाचली तर दोन वर्षांपर्यंत कैद. पडद्यासमोर साडी नेसली तर टाळ्या, रस्त्यावर नेसली तर तुरुंग. माणूस कुठे उभा आहे यावर सगळं ठरत होतं, म्हणून मला जागा महत्त्वाची वाटते.

मधला मोठा काळ मी उडी मारून जातो, एक अपवाद सोडून. मुंबईत जन्मलेला, बडोद्यात हिशेबनिसाची नोकरी करत चित्रं काढणारा एक चित्रकार, त्याने १९६५ च्या आसपास देवांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवून कोलाज केले आणि १९८१ ला बाल्कनीत नग्न उभा असलेला माणूस रंगवला, समोर अख्खं गाव पसरलेलं, त्यात बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट चाललेली. ते स्वतःच्या समलैंगिकतेबद्दलचं चित्र आहे, जेंडरबद्दलचं नाही, तरी आपली ओळख सांगताना समोर गाव ठेवायचं हे तिथून सुरू झालं असं मी मानतो. आज ते लंडनच्या संग्रहात आहे.

आता मुख्य भाग. १५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःचं जेंडर काय ते ती व्यक्ती स्वतः ठरवेल, त्यासाठी ऑपरेशनची सक्ती करता येणार नाही. किती मोठी गोष्ट होती ही! आणि मग २०१६ चं सरकारी विधेयक आलं, त्यात ट्रान्सजेंडरची व्याख्याच अशी की पूर्ण पुरुष नाही, पूर्ण बाई नाही, शिवाय जिल्हा पातळीवर एक तपासणी कमिटी आणि त्यात वैद्यकीय अधिकारी. लोक रस्त्यावर उतरले, कमिटी शेवटी गेली, पण २०१९ च्या कायद्यात ओळखीचा दाखला राहिला. अर्ज जिल्हाधिकाऱ्याकडे करायचा, २०२० पासून सरकारी पोर्टलवर, सोबत प्रतिज्ञापत्र. २०१९ च्या त्या कायद्यात ट्रान्सजेंडर म्हणून दाखला हवा असेल तर तपासणी नव्हती, पण पुरुष किंवा स्त्री अशी नोंद हवी असेल तर ऑपरेशन झाल्याचं हॉस्पिटलचं प्रमाणपत्र लागणार होतं. २०१४ ला जे दिलं ते इथे अर्धं परत घेतलं असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याची बाजू घेणारे म्हणतात कागदाशिवाय रेशन, शिष्यवृत्ती, नोकरी काहीच मिळत नाही, आणि तेही खरं आहे, कागद लागतोच. पण आपण कोण ते सांगायला ऑफिसची सही का लागावी, याचं उत्तर त्यांच्याकडे नाही.

चित्रांचा याच्याशी थेट संबंध आहे. ओळखपत्रावर फोटो असतो, समोरून काढलेला, मागे कोरं. त्या फोटोतल्या माणसाला गाव नाही, घर नाही, सौंदत्तीच्या डोंगरावर जाणाऱ्या जोगत्याचा (यल्लम्मा देवीला वाहिलेल्या, साडी नेसणाऱ्या भक्ताचा) डोंगर नाही, लोकलचा डबा नाही. म्हणून चित्रकार जेव्हा चेहऱ्यामागे पुन्हा जमीन आणतात, त्यावर कापड शिवतात, तेव्हा ओळखपत्राने जे कापून टाकलं तेच परत जोडतात असं मला वाटतं, मग कुणी त्याला नुसतं टेक्श्चर म्हणो.

यानंतर प्रश्न येतो की कोणी कुणाला रंगवायचं. बराच काळ ट्रान्स माणसं फक्त समोर बसायची, ब्रश दुसऱ्याच्या हातात. २०१६ पासून बंगळुरात सुरू झालेल्या एका गटाने हे बदललं, तिथे ट्रान्स बायका स्वतः भिंती रंगवतात, मोठाले चेहरे आणि भोवती झाडं, फुलं, आणि ज्या गल्लीत त्यांना हटकलं जायचं त्याच गल्लीत चारचौघांत परांचीवर चढून काम करतात. २०२४ ला व्हेनिसच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलामेळ्यात) मुख्य प्रदर्शनात त्यांची भिंत होती. मराठी गॅलऱ्यांमधून अजून बाहेरच्याने काढलेलं पोर्ट्रेटच जास्त दिसतं, आणि ते लावताना मॉडेलला पैसे किती मिळाले, चित्र विकल्यावर काही मिळालं का, हे कुठेच लिहिलेलं नसतं, ते चित्राशेजारच्या पाटीवर लिहायला सुरुवात केली पाहिजे.