फुलब्राइट शिष्यवृत्ती

फुलब्राइट ही अमेरिकन सरकारची शैक्षणिक देवाणघेवाणीची योजना. १९४६ पासून चालू आहे, दीडशेहून जास्त देशांशी चालते आणि आजवर चार लाखांच्या वर माणसं यातून अमेरिकेत गेली किंवा अमेरिकेतून बाहेर पडली. त्यात विद्यार्थी आहेत, पीएचडीवाले, प्राध्यापक, लेखक, कलाकार, अगदी शाळेतले शिक्षकसुद्धा आहेत. आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात 'अमेरिकेत फुकट शिकायला मिळतं ती स्कॉलरशिप' एवढंच असतं, पण ते अर्धंच झालं, कारण हा मामला दुहेरी आहे, तिकडचेही इकडे येतात, आणि सुरुवातीच्या काळात तर तिकडून इकडे यायचा खर्च भागवणं जास्त सोपं होतं. असं का, तर सगळा घोळ पैशाचा होता आणि तो पैसा आला होता भंगारातून.

म्हणजे झालं असं की दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन फौजेचा प्रचंड माल जगभर पडून होता. जीपा, ट्रक, यंत्रं, तंबू, डबाबंद खाणं, काय वाट्टेल ते. सगळं घरी न्यायचं तर वाहतुकीलाच किती खर्च, आणि जागेवर विकायचं तर घेणाऱ्या देशांकडे डॉलर नाहीत. ते देणार काय तर आपापलं चलन, फ्रँक, लिरा, पेसो, रुपये, ज्याला त्या देशाच्या वेशीबाहेर कुणी विचारत नव्हतं. मग आर्कान्साचे नवे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी सप्टेंबर १९४५ मध्ये एक छोटंसं बिल मांडलं की हा पैसा बाहेर काढता येत नाही ना, मग तिथेच खर्च करू, आपली पोरं तिकडे शिकायला पाठवू आणि त्यांची इकडे आणू. नवा कायदासुद्धा नव्हता तो, १९४४ च्या सरप्लस प्रॉपर्टी कायद्याला जोडलेली दुरुस्ती होती. सिनेटमध्ये फारशी चर्चा न होताच पास झाली आणि अध्यक्ष ट्रूमन यांनी १ ऑगस्ट १९४६ ला सही केली (आपल्याकडे टिळक पुण्यतिथी, त्यामुळे तारीख लक्षात राहते). आयडिया अगदीच आकाशातून पडलेली नव्हती म्हणा, चीनकडून बॉक्सर बंडाची (१९०० च्या सुमाराला तिथे परकीयांविरुद्ध झालेला उठाव) जी नुकसानभरपाई घेतली होती त्यातला काही भाग अमेरिकेने १९०८ नंतर चिनी विद्यार्थ्यांवर खर्चायला सुरुवात केली होती आणि बीजिंगची चिंगहुआ युनिव्हर्सिटी त्यातूनच उभी राहिली.

पण या पैशाला एक गाठ होती आणि तिने पहिली काही वर्षं योजनेचा सगळा आकारच ठरवला. रुपये भारतातच खर्च व्हायचे. त्यामुळे अमेरिकन माणूस भारतात आला तर त्याचं राहणं, खाणं, फिरणं, सगळं रुपयांत आरामात भागायचं. भारतीय माणूस अमेरिकेत जाणार असेल तर मात्र या पैशातून त्याला जेमतेम प्रवासखर्च मिळणार, कारण तिकीट इथे रुपयांत काढता येतं, पण तिकडचं भाडं आणि जेवण रुपयांत कसं देणार? ते डॉलर दुसरीकडून उभे करावे लागत, एखाद्या अमेरिकन युनिव्हर्सिटीची फेलोशिप किंवा १९४८ च्या स्मिथ-मंट कायद्याखालचा निधी वगैरे. १९६१ मध्ये केनेडींच्या सहीने फुलब्राइट-हेज कायदा आला आणि सगळी योजना त्याच्याखाली नीट बांधली गेली.

पहिला करार झाला चीनशी, नोव्हेंबर १९४७ मध्ये. दोन वर्षांत तिथे क्रांती झाली आणि ते दुकान बंद, पुन्हा उघडायला १९७९ उजाडलं आणि २०२० मध्ये ट्रम्प सरकारने ते परत बंद केलं. भारताशी करार २ फेब्रुवारी १९५० ला झाला, म्हणजे प्रजासत्ताक होऊन पुरता आठवडाच झाला होता, आणि सह्या पंडित नेहरू आणि अमेरिकन राजदूत लॉय हेंडरसन यांच्या. युद्धकाळात अमेरिकन फौजा आसाम-बंगालच्या बाजूला होत्या, त्यांचा शिल्लक माल भारताने घेतला होता, त्याचेच रुपये कामाला आले. कारभार बघायला दिल्लीत एक फाउंडेशन निघालं, युनायटेड स्टेट्स एज्युकेशनल फाउंडेशन इन इंडिया, आद्याक्षरांवरून जुन्या लोकांच्या तोंडी ते अजून 'युसेफी' आहे.

भंगाराचे पैसे कधीतरी संपणारच होते. मग आला गहू. १९५४ चा अमेरिकेचा पीएल-४८० कायदा आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगलाच माहीत आहे, रेशनवरचा तो लाल गहू. भारत हा गहू रुपयांत विकत घ्यायचा आणि ते रुपये इथेच अमेरिकेच्या खात्यावर साठत जायचे. साठले किती, तर १९७४ च्या फेब्रुवारीत राजदूत मॉयनिहन यांनी हिशोब मिटवताना भारत सरकारला १,६६४ कोटी रुपयांचा चेक दिला, तो त्या वेळी जगातला सगळ्यात मोठा चेक म्हणून गिनेस बुकात गेला. तोवरच्या वर्षांत याच गव्हाच्या रुपयांतून शिक्षणाच्या बऱ्याच गोष्टी चालल्या, काही फुलब्राइटच्या नावाने, काही शेजारच्या नावांनी, आणि त्यातल्या दोन थेट आपल्या मराठीशी येऊन भिडतात.

एक म्हणजे पुस्तकं. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने दिल्लीत ऑफिस टाकलं आणि भारतीय भाषांत छापलं जाणारं पुस्तक गव्हाच्या रुपयांनी विकत घेऊन अमेरिकन युनिव्हर्सिट्यांना पाठवायला सुरुवात केली. मराठी कथा-कादंबऱ्या, संतवाङ्मय, दिवाळी अंक छापाचं बरंच काही शिकागो, पेनसिल्व्हेनिया अशा ठिकाणी जाऊन बसलं. आज नेटवर एखादं साठ-सत्तरच्या दशकातलं, इथे कुठेच न मिळणारं मराठी पुस्तक स्कॅन केलेलं सापडतं आणि पहिल्याच पानावर कुठल्यातरी अमेरिकन लायब्ररीचा शिक्का असतो, तेव्हा ते तिथवर पोचलं कसं याचं उत्तर बऱ्याचदा रेशनच्या पिशवीत असतं. आपल्या गावच्या वाचनालयातली प्रत वाळवीने खाल्ली, तिकडची एसीत मजेत आहे. चिडावं की आभार मानावेत कळत नाही.

दुसरं म्हणजे पुणं. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे संस्कृतचे अभ्यासक डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज सुरू झाली आणि तिचं पहिलं केंद्र येरवड्याजवळ डेक्कन कॉलेजात होतं. ही फुलब्राइट नव्हे, वेगळी संस्था आहे, पण खिसा बराचसा तोच, गव्हाचा. तिच्या मराठी वर्गांमधून आणि फुलब्राइटच्या फेलोशिपवर असे मिळून अमेरिकन लोक पुण्यात येत राहिले. ज्याने कधी एखाद्या अमेरिकन माणसाला मराठी शिकवलंय त्याला माहीत असेल, 'ळ' पंधरा दिवसांत जमतो, रडवतो तो 'च'. चहातला वेगळा, चमच्यातला वेगळा, लिहायचा मात्र एकच, आणि का असं विचारलं की आपल्यालाही सांगता येत नाही.

डेक्कन कॉलेजातून उलट्या दिशेने गेलेलं मोठं नाव म्हणजे ए. के. रामानुजन. कन्नड-इंग्रजी कवी, बेळगावात शिकवून मग पुण्याला भाषाशास्त्र करायला आले आणि १९५९ मध्ये फुलब्राइटवर इंडियाना युनिव्हर्सिटीत गेले. पुढे शिकागोलाच राहिले आणि जुन्या तमिळ आणि कन्नड कवितेचे असे इंग्रजी अनुवाद केले की जगाला तो ऐवज त्यांच्यामुळे कळला. माथेरानला जन्मलेले गिरीश कर्नाड १९८७-८८ मध्ये फुलब्राइटवर शिकागोत होते आणि 'नागमंडल' हे नाटक त्याच मुक्कामातलं. बांगलादेशचे, ग्रामीण बँकवाले मुहम्मद युनूस १९६५ मध्ये याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत गेले होते.

योजनेबाहेर पडलेली एक शाखा सांगायलाच हवी. सोफिया कोराडी नावाची इटालियन मुलगी १९५७ मध्ये फुलब्राइटवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेली, कायद्याची मास्टर्स घेऊन रोमला परतली आणि ते शिक्षण धरायला तिथल्या युनिव्हर्सिटीने साफ नकार दिला. अपमान डोक्यात गेला तो गेलाच, १९६९ पासून अठरा वर्षं तिने दुसऱ्या देशातलं शिक्षण इथे धरलं गेलं पाहिजे म्हणून पाठपुरावा केला आणि १९८७ मध्ये युरोपातल्या देशांत विद्यार्थ्यांची देवाणघेवाण करणारा इरॅस्मस कार्यक्रम सुरू झाला, पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी. लोक तिला 'मम्मा इरॅस्मस' म्हणायचे. आपल्याकडे क्रेडिट ट्रान्स्फर, अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स हे शब्द आत्ता २०२१ नंतर कानावर पडायला लागलेत, त्यामुळे त्या बाईंचा संताप समजायला आपल्याला काही जड जाऊ नये.

भारतापुरता मोठा बदल २००८ मध्ये झाला. नवा करार झाला, भारत सरकारही बरोबरीने पैसे घालायला लागलं आणि म्हणून नाव झालं फुलब्राइट-नेहरू. 'युसेफी'चं 'युसिफ' झालं, मुख्यालय दिल्लीलाच आणि मुंबई, चेन्नई, कोलकाता, हैदराबादला ऑफिसं. प्रकार बरेच आहेत. मास्टर्ससाठी किमान ५५ टक्के आणि तीन वर्षांचा पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे नुकत्याच पदवी झालेल्या पोरांनी फॉर्म भरण्यात अर्थ नाही. भारतात पीएचडीला रजिस्टर असलेल्यांना सहा ते नऊ महिने अमेरिकेत रिसर्चला जाता येतं, प्राध्यापकांसाठी वेगळी फेलोशिप आहे.

अर्जात खरी कसोटी निबंधाची, मी काय करणार, ते अमेरिकेतच का आणि परत येऊन इथे काय करणार. आणि त्याहून मोठी कसोटी म्हणजे शिफारसपत्रं. तिकडे गृहीत धरतात की तुमचे सर तुम्हाला ओळखतात आणि स्वतः बसून लिहितील. आपल्याकडे सर म्हणतात, 'तूच लिहून आण रे, मी सही करतो.' मग पोरगं बिचारं स्वतःचीच स्तुती तीन वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात लिहीत बसतं आणि तिन्ही पत्रांत तोच 'हुशार, मेहनती व प्रामाणिक' उतरतो. वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदात कळतं.

फुलब्राइट या माणसाबद्दल थोडं, कारण त्यांना नुसतं संत करून टाकलं जातं. स्वतः ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले, ३४ व्या वर्षी आर्कान्सा युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष, पुढे व्हिएतनाम युद्धाला भर सिनेटमध्ये विरोध केला. पण याच माणसाने १९५६ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांना एका शाळेत बसवण्याच्या विरोधातल्या जाहीरनाम्यावर सही केली होती. जगभरच्या मुलांनी एकमेकांत मिसळावं, स्वतःच्या राज्यातल्यांनी नको, हा विरोधाभास त्यांच्या नावाला चिकटलेला आहे आणि तो झाकायचं काही कारण नाही. योजनेवरची जुनी टीकाही आहेच, की ही शीतयुद्धातली गोड गोळी होती. होतीच की. म्हणून तर निवडीत राजकारण येऊ नये यासाठी अध्यक्षांनी नेमलेलं बारा जणांचं वेगळं मंडळ ठेवलेलं, आणि जून २०२५ मध्ये त्या मंडळातल्या जवळपास सगळ्यांनी सरकार निवडीत ढवळाढवळ करतंय म्हणून राजीनामे दिले.

शेवटची गोष्ट बहुतेक लोक जाऊन आल्यावर शिकतात. फुलब्राइटवाले जे-१ व्हिसावर जातात आणि त्याला दोन वर्षांची अट असते, परत मायदेशी येऊन दोन वर्षं राहिल्याशिवाय एच-१बी नाही आणि ग्रीन कार्डही नाही. इतर जे-१वाल्यांना यातून सूट मिळू शकते, सरकारी पैशावर गेलेल्यांना जवळजवळ नाहीच. ही दोन वर्षं सलग लागत नाहीत, तुकड्यातुकड्याने भरली तरी चालतं, त्यामुळे मधे एखाद्या कॉन्फरन्सला पंधरा दिवस बाहेर गेलात तर ते पंधरा दिवस वजा. म्हणून परत आलेले लोक पासपोर्टावरचे शिक्के आणि बोर्डिंग पास एका फाइलीत लावून ठेवतात आणि एक्सेलमध्ये दिवस मोजतात, ७३० भरेपर्यंत.