व्हॅनिला फज: कव्हर गाण्यांवर मोठा झालेला बँड

डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचा 1968 चा पहिला अल्बम ऐकताना एक गोष्ट खटकतेच, हे लोक बीटल्सचं 'हेल्प' इतकं रडवेलं आणि संथ का गातायत? मलाही बरेच दिवस वाटायचं की ही त्यांचीच काहीतरी आयडिया असणार. नंतर कळलं की त्या वेळी त्यांचा गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर आणि ऑर्गनवाला जॉन लॉर्ड दोघंही व्हॅनिला फज नावाच्या अमेरिकन बँडच्या पार प्रेमात होते आणि आपला बँड तसाच व्हावा अशी त्यांची सरळसरळ इच्छा होती. म्हणजे जी स्टाईल आपण पर्पलची समजत होतो तिचं मूळ न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमधे होतं.

तिथे साठच्या दशकाच्या मधे क्लबांचा मोठा धंदा होता. पोरंपोरी नाचायला यायची आणि त्यांना रेडिओवर वाजतंय तेच हवं असायचं, त्यामुळे पोटापाण्यासाठी वाजवणारा प्रत्येक बँड हा कव्हर बँडच, म्हणजे दुसऱ्यांची गाणी वाजवणारा. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रासारखंच की हे. फरक असा की ऑर्केस्ट्रात गाणं जितकं ओरिजिनलसारखं तितक्या टाळ्या जास्त, आणि लाँग आयलंडच्या काही बँडांनी मात्र उलटं सुरू केलं. ओळखीचं गाणं घ्यायचं, लय खाली आणायची, मधे ऑर्गनची लांबण लावायची, आवाज हळूहळू चढवत न्यायचा आणि मग एकदम स्फोट. व्हेग्रंट्स नावाचा बँड हे करत होता, ज्यात पुढे गाजलेला गिटारिस्ट लेस्ली वेस्ट होता. दुसरीकडे रॅस्कल्स या बँडच्या हॅमंड (इलेक्ट्रिक) ऑर्गनची सगळ्यांवर भुरळ होती.

याच वातावरणात ऑर्गन वाजवणारा आणि गाणारा मार्क स्टाईन आणि बेसवाला टिम बोगर्ट एकत्र आले, गिटारला व्हिन्स मार्टेल. बँडचं नाव आधी इलेक्ट्रिक पिजन्स, मग नुसतंच पिजन्स. 1966 च्या शेवटी ब्रुकलिनचा ड्रमर कार्माइन अपिस आला आणि चौघं जमले. ॲक्शन हाऊस नावाचा क्लब चालवणारा फिल बेसिल त्यांचा मॅनेजर. अटलांटिक या रेकॉर्ड कंपनीचे अहमेट एर्टेगन यांना बँड आवडला पण नावातली कबुतरं काही आवडली नाहीत, म्हणून 1967 मधे नाव बदलून व्हॅनिला फज झालं. खरं सांगायचं तर हे नाव पण काही फार भारदस्त नाही, मिठाईच आहे ती.

आता मुख्य गाणं. 'यू कीप मी हँगिन ऑन' हे सुप्रीम्स या मुलींच्या ग्रुपचं 1966 चं गाणं, मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं, लिहिलं हॉलंड, डोझियर आणि हॉलंड या त्रिकुटाने, अमेरिकेत एक नंबरला गेलेलं. सुरुवातीला गिटारची ती तारायंत्रासारखी टकटक, आणि पावणेतीन मिनिटांच्या आत खेळ खलास. ऐकताना पाय आपोआप हलतात. पण शब्द बघितले तर बाई त्या माणसाला काकुळतीला येऊन सांगतेय की तुझं प्रेम नाही ना, मग सोड की मला, का अडकवून ठेवलंयस. स्टाईन आणि बोगर्टच्या हेच डोक्यात आलं, की शब्द इतके दुखरे आणि गाणं पळतंय कशाला, हे हळू करून बघूया.

आणि हळू म्हणजे किती, तर अल्बमवर ते सात मिनिटांच्या वर गेलं. आपल्याकडे कुणी द्रुत बंदिश विलंबितात मांडली तर ती चीज तीच राहते का, यावर बैठकीत वाद घालता येईल, इथे मात्र माझ्या मते गाणंच वेगळं झालं. स्वर भरायला जागा मिळाली, मागे चर्चमधल्या गॉस्पेलसारखे एकत्र चढणारे आवाज, आणि अपिसचे ड्रम्स इतके जड की त्या काळच्या पॉपमधे तसं फारसं कोणी वाजवत नव्हतं. शॅडो मॉर्टन हा प्रोड्युसर, शांग्रिलाज या मुलींच्या ग्रुपची नाटकी गाणी करणारा, म्हणजे अतिरेकाचा त्याला सराव होताच. रेकॉर्डिंग एका टेकमधे झालं, तेही मोनोत, म्हणजे सगळा आवाज एकाच चॅनेलमधे. 1967 मधे कापून छोटं केलेलं सिंगल आलं आणि अमेरिकन चार्टवर 67 नंबरवर अडकलं, पण 1968 मधे परत काढलं तेव्हा सहावर गेलं.

पहिला अल्बम 1967 च्या ऑगस्टमधे आला, तोही सहा नंबरपर्यंत गेला, आणि त्यातलं प्रत्येक मोठं गाणं दुसऱ्याचं! बीटल्सची दोन, झॉम्बीजचं एक, कर्टिस मेफील्डचं 'पीपल गेट रेडी', 'बँग बँग' वगैरे. मधे मधे जे छोटे तुकडे आहेत त्यांच्या नावातली अक्षरं जोडली की 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' तयार होतं, म्हणजे तिथेही बीटल्सच.

इथपर्यंत सगळं छान आणि मग मॉर्टनच्या डोक्यात काय शिरलं देव जाणे. 1968 च्या फेब्रुवारीत 'द बीट गोज ऑन' आला. सॉनी बोनोचं गाणं धाग्यासारखं धरून त्यात मोझार्ट, बेथोव्हेन, बीटल्स, शिवाय चर्चिल, हिटलर, रूझवेल्ट, केनेडी यांच्या भाषणांचे तुकडे. बँडलाच हा अल्बम आवडत नव्हता आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. तरी तो 17 नंबरला पोचला, पहिल्या अल्बमची पुण्याई बहुतेक. मी एकदा पूर्ण ऐकलाय, परत ऐकणार नाही.

त्याच वर्षी 'रेनेसान्स'मधे बहुतेक गाणी स्वतःची. वाईट नाहीत, पण लोकांना आठवतात ती कव्हरच. 1969 मधे अजून दोन अल्बम आले. दरम्यान 26 डिसेंबर 1968 ला डेन्व्हरमधे त्यांच्या शोला सुरुवातीला वाजवायला इंग्लंडहून एक नवा बँड आला होता, लेड झेपेलिन, आणि अमेरिकेतला त्यांचा तो पहिलाच शो. अपिसने झेपेलिनच्या ड्रमरची, जॉन बोनमची, लुडविग या ड्रम बनवणाऱ्या कंपनीशी गाठ घालून दिली आणि त्याला आपल्यासारखाच मोठा ड्रम सेट मिळाला. पुढे कोण कुठे पोचलं ते सांगायला नको.

1970 च्या मार्चमधे बँड फुटला. बोगर्ट आणि अपिसला इंग्लिश गिटारिस्ट जेफ बेकबरोबर वाजवायचं होतं, पण बेकचा गाडीचा अपघात झालेला, म्हणून दोघांनी आधी कॅक्टस काढला आणि बेकबरोबरचा बँड 1972 मधे जमला. अपिस नंतर गायक रॉड स्टुअर्टकडे गेला, 'डा या थिंक आयम सेक्सी'च्या लेखकांत त्याचं नाव आहे, कुठून कुठे!

बँड पुढे अधूनमधून परत जमत राहिला, आणि सवय काही सुटली नाही. 2007 मधे त्यांनी एक अख्खा अल्बम लेड झेपेलिनच्या कव्हर्सचा काढला, म्हणजे ज्यांना कधीकाळी आपल्या आधी वाजवायला ठेवलं होतं त्यांचीच गाणी. टिम बोगर्ट 13 जानेवारी 2021 ला गेला, वय 76. त्याने बँडबरोबर वाजवलेलं शेवटचं रेकॉर्डिंग त्याच वर्षी बाहेर आलं, 'स्टॉप इन द नेम ऑफ लव्ह', परत सुप्रीम्सचंच.