दंडाच्या पाच धावा आणि डिमेरिट पॉइंट: कुठला फटका कुणाला बसतो?

१२ जून २०२४, न्यूयॉर्क. टी-२० विश्वचषकात रोहित आणि विराट दोघांनाही मुंबईच्याच सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून खेळताना बाद केलं होतं आणि भारताला ३० चेंडूंत ३५ धावा हव्या होत्या. तेवढ्यात पंचांनी पाच धावा भारताच्या खात्यात टाकल्या आणि पुढचा चेंडू पडायच्या आत समीकरण ३० चेंडूंत ३० झालं. अमेरिकेने नवं षटक सुरू करायला ६० सेकंदांपेक्षा जास्त वेळ तीनदा लावला होता. पहिल्या दोन वेळा ताकीद मिळाली, तिसऱ्यांदा दंड.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला मेलबर्नमध्ये विराट कोहलीने सॅम कॉन्स्टासला खांदा मारला. दिवसअखेर त्याचं २० टक्के मानधन कापलं गेलं आणि एक डिमेरिट पॉइंट, म्हणजे गैरवर्तनाचा गुण, नावावर लागला. ऑस्ट्रेलियाला मात्र त्याबद्दल एकही धाव मिळाली नाही. ‘खांदा मारला तर पाच धावा का नाही दिल्या?’ हा प्रश्न त्या दिवशी बऱ्याच जणांना पडला. उत्तर असं, की हे दोन दंड दोन वेगळ्या नियमपुस्तकांतले आहेत (एक खेळाच्या नियमांचं, दुसरं आयसीसीच्या आचारसंहितेचं), ते देणारी माणसं वेगळी आहेत आणि ते भोगणारेही वेगळे.

पाच धावा मैदानावरचे पंच देतात, त्याच क्षणी देतात, आणि त्या संघाला भोवतात. डिमेरिट पॉइंट सामनाधिकारी (मॅच रेफरी) देतो, खेळ थांबल्यावर देतो, आणि तो त्या एका खेळाडूच्या नावावर राहतो. पंचांना कुणाच्या मानधनाला हात लावता येत नाही. सामनाधिकाऱ्याला धावफलकातली एक धावही इकडची तिकडे करता येत नाही, की पंचांचा बाद-नाबादचा निर्णय फिरवता येत नाही. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की बातम्यांतला निम्मा गोंधळ मिटतो.

पाच धावांबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे त्या नेहमी लबाडीचीच शिक्षा असतात. तसं नाही. यष्टिरक्षकाच्या मागे जमिनीवर ठेवलेल्या हेल्मेटला चेंडू लागला तरी पाच धावा जातात, आणि त्यात कुणाची वागणूक वाईट नसते. टोपीत चेंडू अडवला, चेंडू कुरतडला, फलंदाजाचं लक्ष मुद्दाम विचलित केलं, खेळपट्टीच्या नाजूक भागावर पुन्हा पळालं, या सगळ्यांची किंमत मात्र तीच पाच धावा. खूण नीट पाहिली तर त्या कुणाला मिळाल्या तेही कळतं. पंच एका हाताने विरुद्ध बाजूच्या खांद्यावर पुन्हा पुन्हा थापटत असतील तर धावा फलंदाजी करणाऱ्या संघाला. हात खांद्यावर नुसता ठेवला असेल तर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला.

स्कोअररची चूक बहुतेक वेळा इथेच होते. या धावा अवांतरमध्ये ‘पेनल्टी’ म्हणून वेगळ्या लिहायच्या. त्या ना गोलंदाजाच्या पृथक्करणात धरायच्या, ना फलंदाजाच्या नावावर. क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाला मिळाल्या तर त्यांच्या नुकत्याच पूर्ण झालेल्या डावात मिळवायच्या, आणि त्यांनी अजून फलंदाजीच केली नसेल तर त्यांचा डाव ५ धावांवर सुरू होतो.

खोट्या फेकीचा नियम २०१७ मध्ये आला, आणि त्यात पाच धावांबरोबर इतर गोष्टीही येतात, त्या क्वचितच सांगितल्या जातात. हातात चेंडू नसताना क्षेत्ररक्षकाने फेकल्याचा आव आणला आणि तो मुद्दाम होता असं दोनपैकी एका पंचाचं जरी मत झालं, तर चेंडू तिथेच मृत ठरतो. त्या चेंडूवर फलंदाज बाद होऊ शकत नाही. पूर्ण झालेल्या धावा मिळतातच, शिवाय चालू असलेली धावही मिळते, मग फलंदाजांनी एकमेकांना ओलांडलेलं असो वा नसो. तो चेंडू षटकात मोजला जात नाही. पुढचा चेंडू कोण खेळणार हेही फलंदाजच ठरवतात. म्हणजे एका हातवाऱ्याची किंमत पाचापेक्षा बरीच जास्त पडते.

२ नोव्हेंबर २०२२ ला ॲडलेडमध्ये बांगलादेशचा आक्षेप नेमका हाच होता. सातव्या षटकात कोहलीने नुसतीच फेकीची नक्कल केली, असं सामन्यानंतर नूरुल हसनने सांगितलं. भारत डकवर्थ-लुईस नियमाने ५ धावांनी जिंकला होता, म्हणून तो आकडा लोकांच्या डोक्यात बसला. पण पंचांनी मैदानावर कारवाई केलेली नव्हती. पाच धावा रात्री मागून मिळत नाहीत, कारण त्या द्यायचा अधिकार खेळ चालू असतानाच्या पंचांचा आहे. चित्रफीत कितीही स्पष्ट असली तरी सामनाधिकारी निकालात पाच धावा मिळवू शकत नाही. डिमेरिटचं उलट आहे. पंचांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट कॅमेऱ्यावर दिसली तरी खेळाडूवर नंतर आरोप ठेवता येतो.

दोन्ही दंड एकाच कृत्यावर कसे चालतात हे पाहायचं तर खेळपट्टीवर पळण्याचं उदाहरण सगळ्यांत चांगलं. संरक्षित पट्टा क्रीजच्या ५ फूट पुढून सुरू होतो आणि मधल्या यष्टीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक फूट असतो. म्हणजे जेमतेम दोन फूट रुंदीची जागा, पण चौथ्या-पाचव्या दिवशी फिरकी गोलंदाजाला तिथलीच माती हवी असते. फलंदाज कारण नसताना तिथून पळाला की पहिल्यांदा ताकीद मिळते. ही ताकीद त्या एका फलंदाजापुरती नसते, डाव संपेपर्यंत ती संपूर्ण संघाला लागू असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राजकोट कसोटीत तेच झालं. आदल्या दिवशी ताकीद रवींद्र जडेजाला मिळाली होती, दुसऱ्या दिवशी पट्ट्यात गेला तो अश्विन. अश्विनची पहिलीच वेळ असली तरी संघाची दुसरी होती. भारताचा डाव ४४५ वर संपला आणि इंग्लंडने बिनबाद ५ वरून सुरुवात केली. प्रकरण तिथेच संपलं.

आता त्याआधीचं इंदूर, ऑक्टोबर २०१६, न्यूझीलंडविरुद्ध. तिथे ताकिदी मिळूनही जडेजा पुन्हा त्या भागातून पळाला. न्यूझीलंडला पाच धावा मिळाल्या, आणि वर सामनाधिकाऱ्याने त्याचं ५० टक्के मानधन कापून ३ डिमेरिट पॉइंट दिले. एकाच चुकीबद्दल संघाने पाच धावा गमावल्या आणि खेळाडूने पैसे आणि पॉइंट. याला दुहेरी शिक्षा म्हणता येत नाही, कारण अशा गैरप्रकारांत पाच धावा दिल्यावर पंचांनी त्याचा अहवाल वर पाठवायचा, असं नियमच सांगतो. पुढे आरोप ठेवायचा की नाही हा वेगळा निर्णय असतो.

ते ३ पॉइंट तेव्हा किरकोळ वाटले. डिमेरिट पॉइंट २४ महिने नावावर राहतात, हे अशा वेळी विसरलं जातं. ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोत जडेजाने क्रीजमध्येच असलेल्या मलिंदा पुष्पकुमाराच्या दिशेने चेंडू धोकादायक पद्धतीने फेकला. आणखी ३ पॉइंट, एकूण ६. चाराची पायरी गाठली की पॉइंटचं निलंबनात रूपांतर होतं, आणि जडेजा पल्लेकेलेच्या कसोटीला मुकला. इंदूरमध्ये खेळपट्टीवर पळाला नसता तर कोलंबोच्या त्या फेकीने त्याला बाहेर बसवलं नसतं.

हिशोब असा. २४ महिन्यांत ४ पॉइंट झाले की २ निलंबन पॉइंट, ८ झाले की ४, १२ झाले की ६. एक कसोटी म्हणजे २ निलंबन पॉइंट. एकदिवसीय किंवा टी-२० सामना म्हणजे १. शिक्षा संघाचा जो सामना आधी येईल त्यात भोगायची, कमी महत्त्वाचा सामना निवडायची सोय नाही. गुन्ह्याच्या चार लेव्हल आहेत. पहिल्या लेव्हलला समज देण्यापासून ५० टक्के मानधनापर्यंत दंड आणि १ किंवा २ पॉइंट. दुसऱ्या लेव्हलला ५० ते १०० टक्के आणि ३ किंवा ४ पॉइंट. तिसरी आणि चौथी लेव्हल थेट निलंबनाची. खेळाडूने आरोप आणि शिक्षा मान्य केली की सुनावणी होत नाही. बहुतेक प्रकरणं अशीच मिटतात. पहिल्या लेव्हलवर अपील करता येत नाही.

म्हणूनच खेळाडू आणि वकील पैशांपेक्षा लेव्हलवर भांडतात. २०१८ मध्ये पोर्ट एलिझाबेथला दक्षिण आफ्रिकेचा गोलंदाज कगिसो रबाडाचा खांदा ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथला लागला. रबाडाच्या नावावर आधीच ५ पॉइंट होते. सामनाधिकारी जेफ क्रो यांनी दुसऱ्या लेव्हलखाली ३ पॉइंट दिले, आठाचा आकडा गाठला आणि दोन कसोटींची बंदी आली. अपिलात न्यूझीलंडचे वकील मायकेल हेरॉन यांनी गुन्हा पहिल्या लेव्हलवर आणला: २५ टक्के मानधन आणि १ पॉइंट. रबाडा केपटाऊनला खेळला. कृत्य तेच, चित्रफीत तीच. प्रश्न फक्त धक्का जाणूनबुजून दिला का एवढाच होता. माझ्या मते डिमेरिट पद्धतीची खरी धार इथे आहे. कोट्यवधी कमावणाऱ्या खेळाडूला २० टक्के मानधन गेल्याचं काही वाटत नाही, पण सात पॉइंटवर असलेला गोलंदाज बाद केलेल्या फलंदाजाला पॅव्हेलियनची वाट दाखवण्याआधी विचार करतो.

चेंडूशी छेडछाड झाली की दोन्ही दंड मिळायला हवेत, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ते अनेकदा वेगवेगळ्या वाटेने जातात. २००६ मध्ये ओव्हलवर डॅरेल हेअर आणि बिली डॉक्ट्रोव्ह यांनी चेंडू बदलला आणि इंग्लंडला पाच धावा दिल्या. पाकिस्तानचा संघ चहापानानंतर वेळेत मैदानात आला नाही, पंचांनी बेल्स काढल्या, सामना इंग्लंडला बहाल झाला. पुढे सुनावणीत रंजन मदुगले यांनी पाकिस्तानचा कर्णधार इंझमामला छेडछाडीच्या आरोपातून मोकळं केलं आणि खेळाची बदनामी केल्याबद्दल चार एकदिवसीय सामन्यांची बंदी घातली. म्हणजे ज्या कृत्यासाठी पाच धावा गेल्या ते सिद्ध झालं नाही, तरी त्या धावा धावफलकावर तशाच राहिल्या. उलट २०१८ च्या केपटाऊनमध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅनक्रॉफ्टकडचा सँडपेपर साऱ्या जगाने पाहिला. पंचांनी चेंडू तपासला, त्यात बदल झालेला दिसला नाही, म्हणून ना चेंडू बदलला ना पाच धावा दिल्या. नंतर स्मिथला १०० टक्के मानधनाचा दंड आणि एका कसोटीची बंदी मिळाली, बॅनक्रॉफ्टला ७५ टक्के आणि ३ पॉइंट. पाच धावांसाठी चेंडूची अवस्था बिघडलेली दिसावी लागते. आचारसंहितेनुसार चेंडू बिघडवण्याचा नुसता प्रयत्नही पुरतो. स्मिथ आणि वॉर्नर यांच्यावरची वर्षभराची बंदी ही ऑस्ट्रेलियाच्या मंडळाची, आयसीसीची नव्हे.

संथ षटकगतीचं प्रकरण या दोन्हींत बसत नाही, हेही सांगायला हवं. २०१९ पासून कर्णधारावर त्यासाठी निलंबन येत नाही. साऱ्या संघाचं मानधन कापलं जातं, आणि कसोटी अजिंक्यपदाच्या गुणतक्त्यातून प्रत्येक कमी पडलेल्या षटकामागे एक गुण जातो. जुलै २०२५ मध्ये लॉर्ड्सवर भारताला २२ धावांनी हरवूनही इंग्लंडने असे २ गुण आणि १० टक्के मानधन गमावलं. गुणतक्त्यातला हा गुण आणि डिमेरिट पॉइंट यांचा परस्परांशी काही संबंध नाही.

गावच्या आणि क्लबच्या सामन्यांत पंचगिरी करणाऱ्यांसाठी एक वेगळी अडचण आहे. एमसीसी या क्रिकेटचे नियम बनवणाऱ्या क्लबच्या नियमांत ४२ वा नियम खेळाडूंच्या वागणुकीचा आहे, आणि त्यातही चार लेव्हल आहेत. नाव तेच, पण तिथे मानधनही नाही आणि डिमेरिटही नाही. पहिल्या लेव्हलला, म्हणजे पंचांच्या निर्णयावर नाराजी, शिवीगाळ, अतिरेकी अपील यांना, आधी फक्त ताकीद. त्याच संघाकडून पुन्हा झालं की पाच धावा. दुसऱ्या लेव्हलला, म्हणजे मुद्दाम अंगाला भिडणं किंवा चेंडू अंगावर फेकणं, थेट पाच धावा. तिसऱ्या लेव्हलला पाच धावा आणि तो खेळाडू मैदानाबाहेर: षटकांची मर्यादा नसलेल्या सामन्यात १० षटकं, मर्यादित षटकांच्या सामन्यात डावाच्या एक पंचमांश षटकं. पंचाला मारण्याची धमकी दिली किंवा कुणालाही मारहाण केली तर चौथी लेव्हल, उरलेला सामना बाहेर. बदली खेळाडू मिळत नाही. खेळाडूला बाहेर काढायला कर्णधाराला सांगायचं असतं, आणि त्याने नकार दिला तर पंच सामना दुसऱ्या संघाला देऊ शकतात.

आंतरराष्ट्रीय सामन्यांत मात्र पहिल्या तीन लेव्हलचं वर्तन आयसीसीच्या आचारसंहितेकडे जातं. मैदानावरून बाहेर काढण्याचा अधिकार फक्त चौथ्या लेव्हलला उरतो. कोहलीने कॉन्स्टासला मारलेला खांदा एखाद्या क्लबच्या सामन्यात मारला असता आणि पंचांना तो मुद्दाम वाटला असता, तर ४२ व्या नियमाखाली पाच धावा तिथल्या तिथे गेल्या असत्या. तुमच्या स्पर्धेत यातलं कुठलं पुस्तक लागू आहे, हे नाणेफेकीआधी आयोजकांना विचारून दोन्ही कर्णधारांना सांगा. खेळाडूंची डोकी तापल्यावर नियम उघडून दाखवायला जाल, तर तो ऐकून घ्यायला कुणी थांबणार नाही.